प्रश्न विचारायचा हक्क कोणाचा?



यावेळी पासवर्ड, ॲप, एआय यातलं काही नाही. विषय आहे पार दक्षिण अमेरिकेतला. पण तो माझ्याकडे आला ऑफिसच्या एका कॉलवरून, आणि मला घेऊन गेला लातूरजवळच्या आमच्या गावात. म्हणून तुम्हाला सांगावासा वाटला.

१७ सप्टेंबर २०२५, बुधवार. आमच्या टीममधली एक सहकारी कोलंबियाच्या राजधानीतून, बोगोटाहून काम करते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यामुळे आमचा रोजचा कॉल हैदराबादच्या संध्याकाळी साडेसातला आणि तिच्या सकाळी नऊला असतो. आदल्या दिवशी तिने सुट्टी घेतली होती. बाकीचे अजून यायचे होते म्हणून मी सहज विचारलं, ‘‘काय गं, बरं नव्हतं का?’’

‘‘नाही. माझ्या मामाच्या केसचा निकाल होता. सव्वीस वर्षांनी.’’

मी उत्साहाने विचारलं, ‘‘मग? किती वर्षं आत गेले?’’

‘‘आठ वर्षांची शिक्षा. पण तुरुंग नाही.’’

‘‘म्हणजे सुटलेच की!’’ मी बोलून गेलो.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘मीही हेच म्हणाले होते. आईने मला थांबवलं.’’ तेवढ्यात बाकीचे आले आणि आम्ही कामाला लागलो. पण तिच्या आईने तिला का थांबवलं, हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचे काही आठवडे मी तिला विचारत राहिलो आणि मिळेल ते वाचत राहिलो. त्यातून जे समजलं ते हे.

तिचा मामा छोटा व्यापारी. १९९९ मध्ये हमरस्त्यावर बंदूकधाऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि त्याला उतरवून नेलं. ‘फार्क’ नावाच्या गनिमी संघटनेची त्या काळातली ही नेहमीची पद्धत होती. रस्ता रोखायचा, प्रवाशांची ओळखपत्रं बघायची आणि ज्याच्या घरून पैसे येतील असं वाटेल त्याला जंगलात न्यायचं. लोकांनी याला बायबलमधल्या गोष्टीवरून ‘चमत्काराची मासेमारी’ असं नाव ठेवलं होतं. जाळं टाकायचं, लागेल तो मासा आपला. मामाच्या घरच्यांनी ट्रक विकला, जमिनीचा तुकडा विकला, पैसे पोचवले. मामा आला नाही. त्याचा मृतदेहही आला नाही.

त्या देशात १९९४ पासून रेडिओवर एक कार्यक्रम लागायचा. शनिवारच्या रात्री सुरू होऊन रविवारच्या पहाटेपर्यंत चालायचा. पळवून नेलेल्यांच्या घरचे लोक त्यावरून निरोप द्यायचे, कारण जंगलातल्या ओलिसांना कधीकधी छोटा रेडिओ ऐकू दिला जायचा. आपल्याकडे विविधभारतीला फर्माईश पाठवायचे, तशी तिकडे एखादी आई माइकसमोर सांगायची, ‘बाळा, तुझ्या मुलीला दात आले. जेवत जा. आम्ही वाट बघतोय.’ माझ्या सहकारीची आजी वर्षानुवर्षं असे निरोप देत होती. मुलगा जिवंत आहे की नाही, हे माहीत नसताना.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. फार्कची स्थापना १९६४ ची. जमीन मूठभरांच्या हातात आणि राजकारणाची दारं बंद, यातून पेटलेली लढाई. पुढे तिच्यात आणखी गनिमी संघटना आल्या, सरकारी सैन्य होतंच, शिवाय जमीनदारांच्या आणि अमली पदार्थांच्या पैशांवर पोसलेल्या खासगी सशस्त्र टोळ्या आल्या. सगळ्यांनी अत्याचार केले. तिथल्या सत्य आयोगाने २०२२ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात १९८५ ते २०१८ या काळात मारल्या गेलेल्यांचा आकडा ४,५०,६६४ आहे. त्यातले दहापैकी आठ साधे नागरिक होते. बेपत्ता केलेल्यांचा आकडा १,२१,७६८. सरकारच्या नोंदवहीत पीडित म्हणून ९० लाखांहून अधिक लोक आहेत, त्यात बहुतेक जण गावं सोडून पळालेले. देशाची लोकसंख्या साधारण पाच कोटी. म्हणजे पाच-सहा माणसांमागे एक.

इतक्या मोठ्या युद्धानंतर न्याय कसा करायचा? नेहमीच्या कोर्टात लाखो खटले चालवायचे तर शतक पुरणार नाही. सगळं माफ करायचं तर ज्यांचं गेलं त्यांनी काय करायचं? आणि बंदूकवाल्यांना आधीच सांगितलं की तुम्हाला जन्मठेप होणार, तर ते बंदूक खाली कशाला ठेवतील? या कात्रीतून वाट काढण्याच्या प्रयत्नांना ‘संक्रमणकालीन न्याय’ म्हणतात. युद्धाकडून शांततेकडे जाताना करायचा न्याय. त्यात सत्य शोधणं येतं, जबाबदारी ठरवणं येतं, भरपाई येते आणि पुन्हा असं होऊ नये याची व्यवस्था येते.

आता मला भिडलेली गोष्ट. हे सगळं ठरवताना पीडितांना कुठे बसवायचं?

आमच्या कामात ग्राहकाची तक्रार आली की तिचं एक ‘तिकीट’ उघडतं आणि काम झालं की ते बंद करतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक तिकीट तीनदा बंद केलं होतं. एका शाखेतल्या बाईंची तक्रार होती की रिपोर्ट चुकीचा येतो. मी दरवेळी आकडे तपासायचो, बेरीज बरोबर निघायची, ‘सोडवले’ असा शेरा मारून मोकळा व्हायचो. चौथ्यांदा आमच्या टीम लीडने मला त्यांना फोन करायला लावला. बाई म्हणाल्या, ‘‘अहो, आकडे बरोबरच आहेत. लोकांची आडनावं अर्धी कापली जातात, आणि माणसं येऊन माझ्यावर ओरडतात.’’ तीन वेळा मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. त्यानंतर आमच्या टीममध्ये नियम झाला: ज्याने तिकीट उघडलं त्याला विचारल्याशिवाय ते बंद करायचं नाही.

तुलना फार छोटी आहे, कल्पना आहे मला. पण युद्धानंतरच्या न्यायात बहुतेक वेळा असंच होत आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला खटला चालला तेव्हा जिंकलेले देश फिर्यादी होते आणि ज्यांनी सोसलं ते फार तर साक्षीदार. दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगाने १९९६ पासून मोठं पाऊल पुढे टाकलं. सुमारे २१ हजार लोकांनी आपलं म्हणणं नोंदवलं आणि त्यातल्या सुमारे दोन हजारांनी जाहीर सुनावणीत सांगितलं. सगळ्या देशाने ते ऐकलं. तरीही पीडिताचं काम मुख्यतः सांगण्याचं होतं. कोलंबियात प्रश्न पुढे गेला: आम्ही फक्त सांगायचं, की विचारायचंही?

२०१२ मध्ये सरकार आणि फार्क यांची बोलणी क्युबाच्या राजधानीत, हवानाला सुरू झाली. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघे लढणारे. २०१४ मध्ये पीडितांच्या हक्कांचा विषय निघाला. आधी देशात विय्याविसेन्सियो, बारांकाबेर्मेहा, बारांकिया आणि काली या शहरांत पीडितांचे मेळावे भरले. मग ऑगस्ट ते डिसेंबर या काळात पीडितांचे पाच गट हवानाला गेले. प्रत्येक गटात १२ जण, एकूण ६०. निवड संयुक्त राष्ट्रं आणि तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाने केली, कॅथलिक चर्चची सोबत होती.

या निवडीतली खुबी बघा. एकाच गटात फार्कने छळलेले, सैन्याने छळलेले आणि खासगी टोळ्यांनी छळलेले असे सगळे होते. ज्याच्या बापाला गनिमांनी मारलं तो आणि जिच्या मुलाला सैनिकांनी मारलं ती, एकाच गटातून गेले. ‘तुमचे मेले तेव्हा तुम्ही रडता, आमच्यांचं काय?’ हा आपल्या ओळखीचा वाद त्यांना तिथेच आपसात मिटवावा लागला. मिटला नाही तिथे निदान समोरच्याचं ऐकावं लागलं. डिसेंबर २०१५ मध्ये पीडितांविषयीचा भाग मान्य झाला. त्यातून तीन संस्था उभ्या राहिल्या: सत्य आयोग, बेपत्ता लोकांना शोधणारं पथक आणि विशेष शांती न्यायालय. या न्यायालयाला तिकडे आद्याक्षरांवरून ‘हेप’ म्हणतात.

हेपचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. त्याचा हिशेब असा आहे. सुरुवातीलाच पूर्ण सत्य सांगून जबाबदारी घेतली, तर पाच ते आठ वर्षांची शिक्षा, पण तुरुंगाऐवजी पीडितांच्या उपयोगाचं काम: बेपत्ता लोकांचा शोध, पुरलेले सुरुंग काढणं, पर्यावरणाची दुरुस्ती, स्मारकं. उशिरा कबूल केलं तर तितकीच वर्षं तुरुंगात. शेवटपर्यंत नाकारलं आणि गुन्हा सिद्ध झाला तर १५ ते २० वर्षं तुरुंग.

आणि पीडित इथे खटल्यातला पक्ष आहे. आपली हकीकत देऊन मान्यता घेतली की मोफत वकील मिळतो. आरोपीने दिलेलं निवेदन वाचायला मिळतं. ‘इथे हा खोटं बोलतोय’, ‘हे त्याने गाळलं’, असं लेखी सांगता येतं. प्रश्न देता येतात, पुरावे देता येतात. जबाबदारी कबूल करण्याच्या सुनावणीत समोरासमोर बोलता येतं. शिक्षा म्हणून कोणतं काम करावं यावरही मत देता येतं.

यामुळे प्रत्यक्षात काय बदललं? अपहरणाच्या खटल्यात फार्कचे नेते आधी ‘अडवून ठेवणं’ असा शब्द वापरत. जणू कुणाला चहाला थांबवून घेतलं होतं. पीडितांनी तो शब्द मानला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच नेत्यांनी पत्र काढलं आणि त्यात ‘अपहरण’ हा शब्द वापरून माफी मागितली. साखळ्या, कोंडवाडे, आजारात न मिळालेली औषधं, हे पीडितांनी लावून धरलं आणि ते आरोपांत आलं. ओलिसांकडून सक्तीने कामं करून घेतली जात, हेही पीडितांनी मांडलं. त्यावरून गुलामगिरीचा आरोप पुढे जोडला गेला. जून २०२२ मध्ये बोगोटात तीन दिवस सुनावणी झाली. समोर बसलेल्या माणसांना हे नेते उत्तरं देत होते.

माझ्या सहकारीच्या आईने वकिलामार्फत दोन प्रश्न दिले होते. पहिला, माझ्या भावाला कुठे पुरलं? दुसरा, आमच्या आईचे रेडिओवरचे निरोप त्याला ऐकू जायचे का?

दुसरा प्रश्न कुठल्याही सरकारी वकिलाने विचारला नसता. त्याने गुन्हा सिद्ध होत नाही, शिक्षाही वाढत नाही. पण त्या घरात वीस वर्षं तो प्रश्न जेवणाच्या टेबलावर बसलेला होता. त्याचं उत्तर आलं. त्या तळावर पहाऱ्याला असलेल्या एका जुन्या गनिमाने सांगितलं की हो, रविवारी पहाटे रेडिओ लावू द्यायचो, तो माणूस कानाला लावून बसायचा. आई ते ऐकून खूप रडली, आणि मग बऱ्याच वर्षांनी रात्रभर झोपली. ‘‘म्हणून तिने मला थांबवलं,’’ सहकारी म्हणाली. ‘‘ती म्हणते, ते तुरुंगात गेले असते तर त्यांच्या वकिलाने त्यांना गप्प राहायला सांगितलं असतं.’’

सैन्याच्या बाबतीतही हेच घडलं. बोगोटाला लागून सोआचा नावाचं गरिबांचं उपनगर आहे. २००८ मध्ये तिथली तरुण मुलं नोकरीच्या आमिषाने नेली गेली आणि काही दिवसांनी शेकडो किलोमीटर लांब, ओकान्या भागात त्यांचे मृतदेह मिळाले. सैन्याने त्यांची नोंद ‘चकमकीत ठार झालेले गनीम’ अशी केली होती. जास्त मृतदेह दाखवले की सुट्टी, बक्षीस, बढती. एका मुलाच्या उजव्या हाताजवळ पिस्तूल दाखवलं होतं. तो मुलगा डावखुरा होता, त्याच्या उजव्या हातात जोर नव्हता आणि त्याची समज लहान मुलाएवढी होती. त्याच्या आईला हे माहीत होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सोआचाच्या आयांनी पाठ सोडली नाही. २०१९ मध्ये त्यांनी हेपसमोर अधिकाऱ्यांच्या निवेदनांतली एकेक विसंगती मांडली. २०२१ मध्ये हेपने सांगितलं की २००२ ते २००८ या काळात किमान ६,४०२ माणसं अशी मारून गनीम म्हणून दाखवली गेली. एप्रिल २०२२ मध्ये ओकान्यातच सुनावणी झाली. एका निवृत्त जनरलसह सैन्यातले दहा जण आणि एक नागरिक यांनी त्या घरच्यांसमोर गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोगोटाच्या मुख्य चौकात सरकारने जाहीर माफी मागितली. या आयांची मागणी काय होती? शिक्षा हवीच होती. पण त्याआधी त्यांना मोठ्याने म्हणायला लावायचं होतं, की आमची मुलं गनीम नव्हती. नाव स्वच्छ करून हवं होतं.

आणखी एक गाव सांगतो. चोको प्रांतात अत्रातो नदीकाठी बोहाया आहे. २ मे २००२ ला फार्क आणि खासगी टोळीची लढाई चालू असताना गावकरी चर्चमध्ये लपले होते. फार्कने फेकलेला गॅस सिलिंडरचा बॉम्ब चर्चवर पडला. कित्येक मेले, त्यात खूप लहान मुलं. डिसेंबर २०१५ मध्ये फार्कचे लोक तिथे माफी मागायला आले. पुढे २६ सप्टेंबर २०१६ ला करारावर कार्ताहेना शहरात सह्या झाल्या, तेव्हा बोहायाच्या बायकांनी तिथे त्यांची शोकगीतं गायली. आठवड्याभरात, २ ऑक्टोबरला करारावर देशभर सार्वमत झालं. ५०.२ टक्क्यांनी ‘नाही’ जिंकलं. बोहायात मात्र सुमारे ९६ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. ज्यांनी सर्वांत जास्त सोसलं होतं त्यांना युद्ध थांबायला हवं होतं. शहरात बसून टीव्हीवर युद्ध बघणाऱ्यांना शिक्षा कमी वाटत होती. हे वाचताना मला माझं ‘सुटलेच की’ आठवलं. मीही हैदराबादेत खुर्चीवर बसूनच ते म्हटलं होतं.

नंतर करारात दुरुस्त्या झाल्या आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये तो संसदेने मान्य केला. बोहायाच्या मृतांचे अवशेष उकरून, ओळख पटवून, नोव्हेंबर २०१९ मध्ये घरच्यांच्या हाती आले आणि रीतसर दफन झालं. सतरा वर्षांनी.

सगळं गोड झालं असं मुळीच नाही. हेपच्या हिशेबाने फार्कने अपहरण केलेले किमान २१,३९६ लोक आहेत. खटल्यात मान्यता घेऊन आलेले सुमारे चार हजार. बाकीचे कुठे आहेत? काही वारले, काही परदेशी गेले, काहींना अजून भीती वाटते, काहींना त्या आठवणी परत उकरायच्या नाहीत. तेच तेच पुन्हा सांगणं हीसुद्धा एक शिक्षा असते. आठ वर्षं बिनतुरुंगाची शिक्षा अनेक पीडितांना अपमान वाटते आणि तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पीडित म्हणजे एक आवाज नव्हे. करार करणाऱ्यांतला एक बडा नेता २०१९ मध्ये पुन्हा बंदूक घेऊन जंगलात गेला. गावागावातल्या कार्यकर्त्यांचे खून अजून होतात. एक लाखाहून अधिक बेपत्तांचा शोध चालूच आहे. १६ सप्टेंबरला शिक्षा झालेले फार्कचे सात वरिष्ठ नेते. दोनच दिवसांनी बारा माजी सैनिकांनाही अशीच आठ वर्षांची शिक्षा झाली. निकाल यायला सात वर्षं लागली आणि तेवढ्यात कितीतरी आया गेल्या.

तरी एक फरक पडला, तो मला मोठा वाटतो. प्रश्न कोणता, हे ठरवण्यात ज्याचं गेलं तो आला.

आता आमच्या गावाकडे येतो. १७ सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे कोणता दिवस, हे हैदराबाद, मराठवाड्याच्या मुलांना सांगायला नको. आमच्या आजीने रझाकारांच्या गोष्टी सांगितल्या नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही. १९४८ मध्ये ती सोळा वर्षांची. रातोरात गाव सोडून सगळे बार्शीला नातेवाइकांकडे गेले, दागिने विहिरीत टाकले, एक चुलत आजोबा परत आले नाहीत. हे आम्हाला पाठ आहे. पण तिने एकदाच, हळू आवाजात, आणखी एक सांगितलं होतं. पोलीस ॲक्शननंतर परत आलो तर शेजारच्या मुसलमान विणकराच्या घराला कुलूप होतं. ‘‘ते कुठं गेले, कुणी विचारलंच नाही,’’ म्हणाली. मी बारावीत होतो. मीही विचारलं नाही. आजी २०१६ मध्ये गेली.

१९४८ च्या अखेरीस केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती या भागात पाठवली होती. समिती गावोगाव फिरली, शेकडो लोकांशी बोलली. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. तिने रझाकारांचे अत्याचारही नोंदवले. तो अहवाल छापला गेला नाही. २०१३ मध्ये दिल्लीच्या एका संग्रहालयात तो बघायला मिळू लागला. समितीला ज्यांनी आपली हकीकत सांगितली त्यातले बहुतेक तोवर हयात नसणार. सांगून त्यांना काय मिळालं? ना आमच्या चुलत आजोबांच्या घरच्यांना कुणी विचारलं, ना त्या विणकराच्या.

मागच्या रविवारी मी लातूरला मावशीआजीला फोन केला. आजीची धाकटी बहीण, तेव्हा नऊ वर्षांची होती. मी त्या कुलपाचं विचारलं. ती म्हणाली, ‘‘कशाला विचारायलास रे बाबा आता?’’ मी म्हटलं, ‘‘तेव्हा कुणी विचारलं नाही म्हणून.’’ जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने त्या घरातल्या चौघांची नावं सांगितली. त्यातली एक मुलगी तिच्याच वयाची, दोघी सागरगोटे खेळायच्या. चाळीस मिनिटं बोलत होती. चुलत आजोबांबद्दलही असं काही बोलली जे आजीने कधी सांगितलं नव्हतं. मी मध्ये एकदाही बोललो नाही, फक्त लिहून घेतलं.

याने न्याय होत नाही, हे मला माहीत आहे. कोर्ट नाही, वकील नाही, माफी मागायला कुणी उरलेलं नाही. पण तिकीट कुणीतरी परस्पर बंद करून टाकलं होतं, ते निदान उघडलं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी अशी कुणीतरी आजी, आत्या, काका आहेत. बेळगावचे असाल, ग्वाल्हेरचे असाल, हैदराबादचे असाल. आपल्या बाजूचं जे सोसलं ते विचाराच. आणि शेजारच्या कुलपाचंही विचारा. उत्तर आवडलं नाही तरी मध्ये तोडू नका.

बोगोटाच्या सहकारीला मी माझ्या त्या वाक्याबद्दल सॉरी म्हटलं. ती हसली. म्हणाली, ‘‘आईला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पहिल्याचं बाकी आहे. तिच्या लेखी केस चालूच आहे.’’

मावशीआजीने फोन ठेवताना सांगितलं, ‘‘पुढच्या रविवारी परत कर. आणखी आठवायलंय.’’